दोन वाजले, ते दोनच वाजून राहिले!

साडेचार वाजले की आपण म्हणतो, ‘साडेचार झाले.’ पावणेपाचला म्हणतो, ‘पावणेपाच.’ कोणी ‘चार पंचेचाळीस’ म्हणालं की समजायचं, हा माणूस एक तर रेल्वेत अनाउन्समेंट करतो किंवा मोबाइलमध्ये बघून बोलतोय! सव्वा, साडे, पावणे... आपली वेळ सांगायची भाषाच मुळी गोल आहे. तबकडीचे चार चतकोर आणि त्यावरून फिरणारे काटे. मनगटावरचं घड्याळ गेलं, भिंतीवरचं गेलं, सगळी वेळ फोनच्या कोपऱ्यातल्या चार आकड्यांत जाऊन बसली. पण तोंडातून अजून ‘पावणे’च निघतं.

हे सगळं मला सुचलं ते बुटीबोरीत. कारण गेलं वर्षभर माझ्या कामाच्या यादीत एक विचित्र काम होतं: स्क्रीनवर गोल घड्याळ काढायचं. म्हणजे इंजिनीअरिंगची चार वर्षं, कॅम्पसचं टेन्शन, इंटरव्ह्यूचे चार राउंड... आणि काम काय, तर घड्याळ! पहिलीतली पोरंसुद्धा वहीवर बांगडी ठेवून काढतात ते.

बुटीबोरी म्हणजे नागपूरपासून वर्धा रोडने पंचवीस-तीस किलोमीटर. एमआयडीसीचं मोठ्ठं पसरलेलं गाव. कापड, टायर, पोलाद, खाण्याचे पदार्थ, काय नाही ते इथे बनतं. खापरीपर्यंत मेट्रो २०१९ मध्ये आली, ती पुढे बुटीबोरीपर्यंत न्यायच्या टप्प्याला २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली. पण माझी सकाळ अजून कंपनीच्या बसचीच. खिडकीची सीट मिळाली तर डुलकी, नाही मिळाली तर गप्पा. मी ज्या कारखान्यात आहे त्याचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, असे बरेच आहेत.

तर आमच्या शॉप फ्लोअरवर एक मोठा टीव्ही लावलेला आहे. त्यावर आजचं टार्गेट, झालेला माल, बंद मशीन, सगळं दिसतं. आणि उजव्या बाजूला मोठ्ठं गोल घड्याळ. तुम्ही म्हणाल, घड्याळाचं एवढं काय? तर ऐका. फ्लोअरवर फोन न्यायला बंदी. तो गेटवरच्या लॉकरमध्ये. फिरत्या मशीनजवळ मनगटी घड्याळ, अंगठी, कडं घालायचं नाही, कारण हात अडकला तर हातच जातो. खिडक्या उंच, त्याही धुळीने भरलेल्या. म्हणजे आठ तास वेळ कळायचं साधन एकच, ते टीव्हीवरचं घड्याळ. शिफ्ट सहा, दोन आणि दहाला बदलते. दुपारच्या शिफ्टला चहाची सुट्टी साडेचारला, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत चहा, बाथरूम आणि ज्यांची पोरं घरी एकटी आहेत त्यांची लॉकरकडे धाव: शाळेतून आली का, जेवली का, एवढंच विचारायला.

आता हे घड्याळ अधूनमधून बिघडायचं. पण बिघडायचं कसं, तर सॉलिड! दुपारी बरोबर दोनला त्याचा उजवीकडचा खालचा चतकोर पुसला जायचा. बाकीचा पाऊण भाग होता तिथेच, दोनवर थिजलेला. आणि त्या रिकाम्या चतकोरात दुसऱ्याच एका घड्याळाचा तुकडा दिसायचा, फक्त नऊ ते बारा. त्यात मिनिटातून एकदा पंधरा सेकंदांसाठी सेकंदकाटा यायचा नि गुल व्हायचा. तसंच राहू दिलं तर रात्री दहाला त्या तुकड्यातही तासकाटा दहावर अडकायचा. म्हणजे एकाच स्क्रीनवर वर दोन वाजलेले आणि खाली दहा!

‘मॅडम, तुमच्या घड्याळाले पाहा बरं,’ आमचे लाइनवरचे सुपरवायझर काका फोनवर म्हणाले. ‘दोन वाजले, ते दोनच वाजून राहिले!’

मी जाऊन पेज रिफ्रेश केलं. घड्याळ ठणठणीत. दुसऱ्या दिवशी दोनला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी परत चतकोर गायब. बरं, हा सॉफ्टवेअर आधीच्या एका व्हेंडरने लिहिलेला, आणि तो व्हेंडर केव्हाच निघून गेलेला. मागे राहिला तो कोड आणि त्यात एकही कॉमेंट नाही.

आता थोडं घड्याळ काढण्याबद्दल. घाबरू नका, गणित सहावीतलंच आहे.

सेकंदकाटा साठ सेकंदांत पूर्ण वर्तुळ फिरतो, म्हणजे सेकंदाला ६ अंश. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश. तासकाटा तासाला ३०, म्हणजेच मिनिटाला अर्धा अंश. साडेचारला मिनिटकाटा १८० अंशांवर आणि तासकाटा १३५ वर, चार आणि पाचच्या बरोब्बर मध्ये. हा अर्धा अंश विसरलात तर साडेचारलाही तासकाटा चारवरच चिकटून बसतो आणि घड्याळ बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

आता काटा तिरका काढायचा कसा? प्रत्येक वेळी साइन-कोसाइन लावून टोक कुठे येतं ते काढता येईल. पण एक सोपा फंडा आहे. माझी आई घरी शिवणकाम करते. ब्लाऊजचा गोल गळा शिवताना ती मशीनची सुई फिरवत नाही. सुई जागच्या जागी वर-खाली होते, फिरतं ते कापड. स्क्रीनवरही तेच करायचं. काटा नेहमी सरळ वर, बाराकडेच काढायचा. त्याआधी कागद हवा तेवढा फिरवून घ्यायचा!

त्यासाठी दोन हुकूम लागतात. पहिला, कागदाचा शून्यबिंदू सरकवणं. स्क्रीनवर शून्य असतं डाव्या वरच्या कोपऱ्यात. ते आधी घड्याळाच्या मध्यावर आणायचं. नागपूरकरांना हे समजावावं लागू नये. आपल्याकडे झिरो माइलचा खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत, दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. एकदा शून्य ठरलं की बाकी सगळं तिथून मोजायचं. दुसरा हुकूम, कागद फिरवणं. शाळेच्या आलेखात कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो, पण स्क्रीनवर खाली जाणारी बाजू धन धरतात, म्हणून इथे कोन घड्याळाच्याच दिशेने वाढतो. जणू खास आपल्यासाठीच केलेली सोय!

पण एक घोळ आहे. तासकाट्यासाठी कागद १३५ अंश फिरवला, काटा काढला. आता मिनिटकाट्यासाठी १८० फिरवायचा, तर तो आधीच्या १३५ च्या पुढे १८० फिरेल. पेन्सिल जाड केली होती, ती जाडच राहील. रंग काळा होता, तो काळाच राहील. म्हणून फिरवण्याआधी म्हणायचं ‘सेव्ह’. म्हणजे आत्ता शून्य कुठे आहे, कागद किती वळलाय, रंग कोणता, रेघ किती जाड, हे सगळं जपून ठेव. काटा काढून झाला की म्हणायचं ‘रिस्टोर’. सगळं होतं तसं. जपलेल्या गोष्टी पंगतीतल्या ताटांसारख्या एकावर एक रचल्या जातात. शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. जितके सेव्ह, तितके रिस्टोर. एवढा एकच नियम.

ही युक्ती काही नवी नाही. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणली, तिच्यात ‘जीसेव्ह’ आणि ‘जीरिस्टोर’ होते. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये गोल घड्याळ होतं. आणि ब्राउझरमध्ये आपण ज्यावर चित्र काढतो तो ‘कॅनव्हास’ ॲपलने २००४ मध्ये आणला. त्यातही हीच जोडी, सेव्ह आणि रिस्टोर. चाळीस वर्षं झाली, पण पसारा आवरायची पद्धत तीच.

तर आमचं घड्याळ का कलंडत होतं? कोड वाचत दोन दिवस गेले. आमचा कॅनव्हास ६०० बाय ६००. दर सेकंदाला आधीचं चित्र पुसायचं, सेव्ह करायचं, शून्य ३००-३०० वर म्हणजे मध्यावर आणायचं, तबकडी काढायची, मग प्रत्येक काट्याला स्वतःचा सेव्ह-रिस्टोर. सगळं शिस्तीत. फक्त शिफ्ट बदलायच्या नेमक्या सेकंदासाठी एक वेगळी फांदी होती: सेकंदकाटा लाल काढायचा, बझर वाजवायचा आणि... तिथूनच बाहेर पडायचं. रिस्टोर खालच्या ओळींत होते. तिथवर कोणी पोचायचंच नाही!

म्हणजे दोन वाजून शून्य सेकंदाला शून्यबिंदू मध्यावरच राहून गेला. पुढच्या सेकंदाला तो मध्यावरून आणखी ३००-३०० सरकला आणि थेट उजव्या खालच्या कोपऱ्यात पोचला. तिथे केंद्र असलेल्या घड्याळाचा स्क्रीनवर काय दिसणार? नऊ ते बारा! आणि पुसायचं फडकंही तेवढंच सरकल्यामुळे फक्त तो एक चतकोर पुसला जायचा. बाकी तीन चतकोरांत दोन वाजलेलं जुनं चित्र तसंच. रात्री दहाला आणखी एकदा तेच, आणि मग सगळं घड्याळ स्क्रीनच्या बाहेर.

मग कधी व्हायचं, कधी नाही, असं का? कारण ब्राउझरचा टायमर ‘दर सेकंदाला’ म्हणतो खरा, पण दुसरं काम आलं की त्याला उशीर होतो. सर्व्हरवरून डेटा येताना तो अडकला की नेमका शून्यावा सेकंद हुकायचा आणि ती फांदी चालायचीच नाही. म्हणजे सर्व्हर सुस्त असला की घड्याळ नीट, सर्व्हर झकास चालला की घड्याळ बंद! नाहीतरी नशीब असंच असतं.

इथवर मजा होती. मग एक मंगळवार आला. दोनला घड्याळ थिजलं, त्या दिवशी मी ट्रेनिंगसाठी नागपूरला. कीबोर्ड कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. काकांचं ऑफिस लाइनपासून लांब, आणि ते एका बंद मशीनपाशी अडकलेले. साडेचार वाजले, कोणाला कळलं नाही. पाच वाजले. शेवटी बाहेरून मालाची गाडी आली, तिच्या ड्रायव्हरला कोणीतरी विचारलं, तेव्हा सव्वापाच झाले होते. चहा गार होऊन गेला होता. पॅकिंगमधल्या एका ताईंची मुलगी दुसरीत आहे. दार लावून घेतलं का, हे त्या रोज साडेचारला विचारतात. त्या दिवशी फोन राहिला. मुलगी शेजारी जाऊन बसली होती, सुखरूप होती. पण हे ताईंना कळलं रात्री दहाला, गेटवर लॉकर उघडल्यावर.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. साहेब म्हणाले, ‘अगं, गोल घड्याळाची हौस कशाला? चार आकडे टाक डिजिटल. झंझटच मिटली.’

तसं त्यांचं खरं होतं. आकड्यांना ना सेव्ह लागत, ना रिस्टोर. एका ओळीचं काम. मीही आधी हेच म्हणाले असते. पण मी फ्लोअरवर जाऊन विचारलं. काका म्हणाले, ‘आकडे वाचा लागते मॅडम, काटे दिसते.’ त्यांची लाइन टीव्हीपासून चाळीस-पन्नास फुटांवर. दिव्याची चमक स्क्रीनवर येते. तिथून चारचा नि नऊचा आकडा सारखाच दिसतो. काट्याचा कोन मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो, हातातलं काम न सोडता. दुसरं म्हणजे, आकडे फक्त किती वाजले ते सांगतात. काटा किती उरलं तेही दाखवतो. सुट्टीला पाव घर राहिलं, शिफ्टला अर्धं वर्तुळ राहिलं. उभ्या उभ्या काम करणाऱ्या माणसाला हिशोब हवा असतो तो उरलेल्याचाच.

मी मीटिंगमध्ये साहेबांना स्विस रेल्वेचं उदाहरण दिलं. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनीअरने १९४४ मध्ये तिथल्या स्टेशनांसाठी घड्याळ काढलं. त्याचा लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो, बारावर क्षणभर थांबतो आणि मिनिट पडलं की सगळ्या स्टेशनांवर एकदम पुढे निघतो. इतकं देखणं, की २०१२ मध्ये ॲपलने आयपॅडमध्ये तसंच घड्याळ वापरलं आणि मग त्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागले. साहेबांना परवान्याचा किस्सा आवडला. काटे राहिले.

दुरुस्ती किती ओळींची होती? खरं तर दोनच. बाहेर पडण्याआधी दोन रिस्टोर टाकले की काम झालं. पण उद्या कोणी तिसरी फांदी काढली की परत तेच. म्हणून एक छोटं फंक्शन केलं: सेव्ह करतं, सांगितलेलं चित्र काढून घेतं आणि आतून कोणी कसंही बाहेर पडलं तरी शेवटी रिस्टोर करतंच. आता सेव्ह-रिस्टोर कोणी हाताने लिहायचाच नाही. शिवाय दर सेकंदाला पुसण्याआधी कागद पहिल्यासारखा सरळ करून घ्यायचा, म्हणजे एखादी चूक झालीच तरी एका सेकंदापुरती. आणि बझर ‘नेमका शून्यावा सेकंद’ बघत नाही. शिफ्टची वेळ उलटून गेली आणि अजून वाजला नाही, तर वाजतो. शिवाय साडेचारची घंटा आता कॉम्प्युटरवर नाही. साधी इलेक्ट्रिक घंटा, वेगळ्या टायमरवर. घड्याळ बंद पडलं तरी चहा बंद पडणार नाही.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली ती गिरणी २००२ मध्ये बंद झाली. आजोबांकडे घड्याळ नव्हतंच; भोंगा होता. भोंगा वाजला की निघायचं, भोंगा वाजला की परतायचं. ती घंटा बसवून घेतली त्या संध्याकाळी मी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘म्हणजे पुन्हा भोंगाच आणला की तुम्ही!’

मी तो सगळा किस्सा ऑफिसात ऐटीत सांगत होते. मग त्या पॅकिंगच्या ताई भेटल्या. घंटेबद्दल बरं वाटलं त्यांना. म्हणाल्या, ‘आता बेस झालं मॅडम.’ आणि मग जाता जाता, सहज, ‘त्या मंगळवारची सुट्टी मात्र गेली ती गेलीच ना.’

सेव्ह-रिस्टोरबद्दल नव्या पोरांचा एक गैरसमज हमखास असतो. त्यांना वाटतं, रिस्टोर म्हणजे अनडू. तसं नाही. रिस्टोर फक्त पेन जागेवर आणतं, कागद सरळ करतं, रंग पहिला देतं. काढलेली रेघ राहते. आई गळ्यासाठी लाल दोरा लावते, टाका बारीक करते; गळा झाला की पांढरा दोरा, नेहमीचा टाका. पण घातलेले लाल टाके काही उसवत नाहीत. आपणही रोज हेच करतो. बसमध्ये बसलो की आयडी कार्ड बॅगेत, कानात गाणी, घरी पोचेपर्यंत आवाजही बदललेला. बॉसवरचा राग ऑफिसात ठेवला, छान रिस्टोर झालं, असं आपल्याला वाटतं. पण दिवसभरात ज्याच्यावर जी रेघ ओढली ती तिथेच असते. ती पुसायची तर वेगळं काम करावं लागतं.

म्हणून मी साहेबांकडे परत गेले. त्या मंगळवारच्या शिफ्टची दहा मिनिटं द्या म्हटलं. बरीच चर्चा झाली. प्रॉडक्शन, टार्गेट, ‘एकदा दिलं की सवय लागते’ वगैरे. शेवटी त्या शिफ्टला एका शुक्रवारी चहाची सुट्टी वीस मिनिटांची मिळाली. साडेचार ते पावणेपाच आणि वर पाच मिनिटं. मिनिटकाटा १८० अंशांवरून ३०० अंशांवर गेला तोवर सगळे बाहेर लिंबाखाली बसले होते, आणि लॉकरपाशी नेहमीसारखी पळापळ नव्हती.